मानेवरची सरळ रेघ

एल्बिओ तेचेराला नदीपलीकडचं काही म्हणजे काही आवडत नसे, आणि दर शनिवारी तो नदीपलीकडे जात असे. एवढं सांगितलं तरी माणूस पुरता कळतो. तरीही सांगते, कारण तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आणि त्याच्या न्हाव्याच्या दुकानामागच्या खोलीत शिलाई मशीन घेऊन मी अर्धा जन्म काढला. मधे एक पातळ भिंत. त्याचं एकेक वाक्य मला ऐकावं लागलं आहे, आणि त्यातलं एकही मी मागितलेलं नव्हतं.

आमचं साल्तो नदीच्या अलीकडे, उरुग्वायमध्ये. समोर कोंकोर्दिया, ते आर्जेन्टिनात. लाँचमध्ये बसलं की गप्पांचा एक विषय संपायच्या आत पलीकडचा धक्का लागतो. कधी त्यांचा पेसो गडगडतो आणि आम्ही रिकाम्या पिशव्या घेऊन तिकडे धावतो, कधी वारं फिरतं आणि ते आमच्याकडे येतात. ते आले की एल्बिओ म्हणायचा, "आले बघा भुक्कड." आम्ही गेलो की म्हणायचा, "जरा मदत करून येतो बिचाऱ्यांना."

दुकान त्याच्या बापाचं, डॉन अपारिसिओचं. दुकानात दाखवण्यासारखी वस्तू एकच होती, खुर्ची. बिडाचा पाय, लालसर चामड्याची गादी, बाजूला दांडा. दांडा ओढला की गिऱ्हाईक अलगद मागे कलायचं. खुर्चीच्या डाव्या हाताखाली चामड्याला एक खोबण पडली होती. लहानपणी एल्बिओ तिथे लोंबकळत बापाचं काम बघायचा, त्याच्या बोटांची ती खूण. म्हातारा जाताना माझ्या बहिणीला, निबियाला, म्हणाला होता, "पोरी, पोराच्या तोंडाकडे लक्ष देऊ नकोस, खुर्चीकडे दे. ती भरलेली असली की घर चालेल." म्हाताऱ्याला आपलं पोर ठाऊक होतं.

आमच्या साऱ्या गावालाच आपल्या देशाचा गर्व आहे. देश एवढासा, दोन धटिंगणांच्या मधे चेपलेला, म्हणून मान जरा जास्तच ताठ. पण एल्बिओने त्या गर्वाचा धंदा केला होता. वर्तमानपत्रात कुठला देश राहायला कितवा अशी यादी आली की तो ती कापून आरशाच्या कडेला खोचायचा. गिऱ्हाइकाला स्वतःचं तोंड दिसायचं ते त्या कात्रणांमधल्या फटीतून.

"पलीकडे नळाचं पाणी कुणी पितं का, सांग बरं," वस्तरा पट्ट्यावर घासत तो विचारायचा. समोर बहुधा मिल्तोन ओद्रिओसोला असायचा, कोपऱ्यावरचा औषधवाला, त्याचा शाळेपासूनचा दोस्त.

"नाही पीत?"

"बाटल्या विकत घेतात! आणि सकाळी पाव ज्या भावाला मिळतो त्या भावाला संध्याकाळी मिळत नाही. तो काय देश म्हणायचा? आपल्याकडे माणूस म्हातारा झाला तरी ताठ चालतो. तिकडे तरणा माणूस वाकून चालतो."

"का रे?"

"पेन्शनची खात्री नाही ना."

तरण्याच्या वाकण्याचा पेन्शनशी काय संबंध हे मिल्तोनने कधी विचारलं नाही. वस्तरा गळ्यावर असताना शहाणा माणूस विचारत नाही.

माझ्याशीही तेच. मी सकाळी मातेचं भांडं भरून बसायची. माते म्हणजे आमचा कडू पाल्याचा कढत काढा, भांड्यात पाला, वरून गरम पाणी, आणि धातूच्या नळीने ओढायचा. आमच्याकडे थर्मास काखेत नसला तर माणूस उघडा पडल्यासारखा दिसतो.

"मेहुणीबाई, पाला कुठला?" एल्बिओ दारातून नाक फेंदारायचा.

"पलीकडचा. स्वस्त पडला."

"तो पाला नाही, काड्या आहेत. सुताराच्या दुकानातला भुसा पितेस तू."

"दाजी, परवा तुम्हीच आणलात की पिशवीतून."

"मी कुत्र्याच्या बिछान्याला आणला होता," तो म्हणाला आणि निघून गेला. कुत्रा मरून तेव्हा वर्ष झालं होतं.

शनिवार उजाडला की दुकान दुपारपर्यंत बंद. एल्बिओ आपली सगळ्यात जुनी, ढगळ विजार घालून लाँचवर चढायचा. ढगळ का, तर परत येताना तिच्या आत दोन नव्या मावाव्यात. माणशी किती सामान आणायचं याला मर्यादा होती, पण अंगावरचे कपडे कोण मोजतो? सकाळी हडकुळं गेलेलं आमचं गाव दुपारी गुबगुबीत होऊन परतायचं. यात मीही होते, आणि मला त्याची काही लाज वाटत नाही, कारण मी कधी भाषण केलं नाही. तो मात्र तिकडच्या किराणावाल्यासमोर उभा राहून, त्याच्याच फळीवरचं तेल, पीठ, साबण पिशवीत भरत भरत त्याला सांगायचा की तुमच्याकडे जगणं म्हणजे हाल आहेत. किराणावाला म्हणायचा, "हो ना डॉन," आणि पिशवीला गाठ मारून द्यायचा. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिथेच त्याच्या डोक्यात पिठाचा पुडा फोडला असता.

मग ते वर्ष आलं, जेव्हा पलीकडे सगळंच मातीमोल झालं. आमचे लोक तेल आणि साबणावर थांबले नाहीत. तिकडेच दात बसवू लागले, चष्मे करू लागले, आणि तिकडेच केस कापू लागले. बंदराजवळच्या चौकात काचो नावाच्या न्हाव्याचं दुकान होतं. शनिवारी त्याच्याकडे आमच्या गावाची रांग लागायची.

एल्बिओला कळलं ते मानेवरून. तो मानेवर केस वस्तऱ्याने गोलसर उतरवायचा, बापाने शिकवलं तसं. काचो मशीनने सरळ आडवी रेघ मारायचा, जणू फूटपट्टी ठेवली. एल्बिओ दारात खुर्ची टाकून बसायचा आणि रस्त्याने जाणाऱ्यांच्या माना बघायचा.

"तो बघ, सरळ," तो निबियाला म्हणायचा. "तो पण सरळ. मास्तरसुद्धा! काय हे, मुलांना राष्ट्रगीत शिकवतो आणि मान आर्जेन्टिनाची!"

निबिया दारात उभी राहून त्या मानांकडे बघायची आणि मग आतल्या रिकाम्या खुर्चीकडे. घरात दुसरी मिळकत नव्हती. तिने एकदा जेवताना हळूच विषय काढला.

"आपण दर जरा उतरवला तर? नाहीतर दाढीवर केस फुकट, असं काहीतरी..."

"उतरवायचा? म्हणजे त्यांच्यासारखं व्हायचं?"

"त्यांच्यासारखं नाही रे. खुर्ची भरावी म्हणून."

"निबिया, आपल्याकडे कामाला किंमत आहे. तोच तर फरक आहे त्यांच्यात आणि आपल्यात."

"किंमत आहे, पण गिऱ्हाईक नाही," ती म्हणाली. तो ताटातल्या सॅलडवर तेल ओतत राहिला. तेल पलीकडचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने काचेवर पुठ्ठा चिकटवला: 'नदीपलीकडे कापलेल्या डोक्याला इथे वस्तरा लागणार नाही.' वाचणाऱ्याला वाटावं, पलीकडे डोकी उडवतात.

मिल्तोन त्याच आठवड्यात दाढीला आला. केस तिकडे कापून आलेला, तरी दाढीची जुनी सवय इकडचीच. खुर्चीत बसला, एल्बिओने त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलं, अर्ध्या तोंडाला साबण फासला आणि मागची कॉलर खाली केली. भिंतीपलीकडे मला वस्तऱ्याची घासघास थांबलेली ऐकू आली.

"ऊठ."

"काय झालं?"

"ऊठ म्हणतो ना. ही मान घेऊन माझ्या बापाच्या खुर्चीत बसलास?"

"अरे एल्बिओ, बायकोचे दात बसवायला गेलो होतो तिकडे. ती आत, मी बाहेर. करायचं काय? समोर काचो होता."

"समोर उद्या चर्च असलं तर पाद्री होशील?"

"तू काय करतोस दर शनिवारी तिकडे? नदीत मासे मोजतोस?"

"मी परिस्थिती बघायला जातो," एल्बिओ म्हणाला. हेच शब्द. शिवण टाकून मी हसले, आणि ते भिंतीतून ऐकू गेलं असेल तर जावो.

मिल्तोन अर्धा साबण तोंडावर घेऊन रस्त्यावर गेला आणि औषधाच्या दुकानात उभं राहून त्याने आल्यागेल्याला सगळं सांगितलं. चोराच्या उलट्या बोंबा असतात हे गावाला ठाऊक होतंच, पण औषधवाल्याच्या तोंडून ऐकलं की त्यावर शिक्का बसतो. त्यानंतर खुर्ची पुरतीच रिकामी झाली. निबिया रोज सकाळी ती पुसायची. धूळ बसायला गिऱ्हाईक लागत नाही.

तरी घर निभावलं असतं. दर उतरवला असता, पुठ्ठा काढला असता, मिल्तोनला एक माते पाजली असती, तर आमचं गाव इतकंही कठोर नाही. निबिया त्याला रोज तेच सांगत होती. पण एल्बिओला शनिवारचा पुढचा शोध लागला होता.

शोध असा: धक्क्यावर पिशव्या बघतात, कधी खिसे चाचपतात, पण उरुग्वायच्या माणसाच्या काखेतला थर्मास कोण उघडतो? पाद्र्याच्या हातातली जपमाळ तपासण्यासारखं ते. तेव्हा जाताना थर्मासमध्ये गरम पाणी, येताना सूर्यफुलाचं तेल. एक लिटर! त्या एका लिटरसाठी तो इतका खूश होता की शिट्टी वाजवत घरी यायचा.

जुलैमधला शनिवार होता, आमच्याकडे थंडीचा कडाका. नदीवरून वारा असा यायचा की दात वाजत. लाँच आमच्या धक्क्याला लागली. रांगेत पुढे एल्बिओ, तीन विजारींमुळे पाय फाकवून चालणारा. मागे मी, दोन स्वेटर अंगात. माझ्या मागे मिल्तोन आणि नव्या दातांनी सगळ्यांकडे बघून हसणारी त्याची बायको. टेबलापाशी फागुंदेस उभा होता, कस्टमचा माणूस. भला माणूस, पण सकाळपासून वाऱ्यात उभा राहून त्याचं नाक लाल झालं होतं. त्याने एल्बिओची पिशवी बघितली, ठीक आहे म्हणाला, आणि मग त्याची नजर थर्मासवर गेली. संशयाने नव्हे. हावेने.

"डॉन एल्बिओ, एक माते पाजा हो. हात गोठलेत."

आता आमच्याकडे पैसे मागितले तर नाही म्हणता येतं, मुलगी मागितली तरी नाही म्हणता येतं. माते मागितली तर नाही म्हणता येत नाही.

"पाणी गार झालंय," एल्बिओ म्हणाला.

"गार तर गार. चालेल."

"पाला धुऊन निघालाय. चव नाही राहिली."

"मग बदला की. आम्ही थांबतो. काय हो?" त्याने रांगेला विचारलं. रांग म्हणाली, थांबतो.

एल्बिओने भांड्यातला पाला बदलला. चेहऱ्यावर घाम, त्या थंडीत. आणि मग त्याला वाटलं की सुटका सापडली. नवा पाला भरला की पहिली माते पाजणाऱ्यानेच प्यायची असते. ती कडवट असते, भुशाने भरलेली असते, म्हणून ती पाहुण्याला देत नाहीत. तिला आम्ही मूर्खाची माते म्हणतो.

"पहिली माझी," तो म्हणाला.

"अर्थात," फागुंदेस म्हणाला.

त्याने थर्मास तिरका केला. वाफ आली नाही, आवाज आला नाही. भांड्यात काहीतरी जाड, पिवळं, सावकाश उतरलं. एल्बिओने नळी तोंडात धरली आणि ओढायला लागला. तेल पाल्यातून वर यायला तयार नव्हतं. त्याचे गाल आत गेले, मानेच्या शिरा फुगल्या, डोळे बाहेर आले. शेवटी घोट पोचला. त्याने तो गिळला. वर आणि म्हणाला, "आह! मस्त."

कुणीतरी आता फागुंदेसला हाक मारेल अशी त्याची आशा असावी. कुणी मारली नाही.

"आता माझी," फागुंदेस म्हणाला, आणि हात पुढे करता करता त्याला एल्बिओच्या मिशा दिसल्या. त्या पॉलिश केल्यासारख्या चमकत होत्या. त्याने भांड्यात बघितलं. मग थर्मासकडे. मग तो बिचारा जमिनीकडे बघू लागला, कारण त्याला हसू आवरेना.

मागून मिल्तोनचा आवाज आला. "एल्बिओ, तू म्हणायचास ते खरं आहे. त्यांच्याकडचं पाणी काही पिण्यासारखं नाही."

सगळा धक्का हसला. नव्या दातांची बाई सगळ्यात मोठ्याने. मीही हसले, पोट धरून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

फागुंदेसने तेल ओतून दिलं असतं, दंड केला असता, तर एल्बिओला निदान कुरकुर करता आली असती. पण फागुंदेस म्हणाला, "जा डॉन एल्बिओ. तेल घरी न्या. माते मी दुसऱ्या कुणाकडून पिईन." आणि ते त्याने इतक्या मऊपणे म्हटलं की एल्बिओ थर्मास काखेत घालून, पाय फाकवत, मागे न बघता चालता झाला.

सोमवारपासून लोक दुकानाच्या दारातून डोकं आत घालायचे. "एल्बिओ, गरम आहे का?" एवढंच विचारायचे आणि जायचे. आत कुणी आलं नाही. त्याने तोंड आवळून घेतलं, पण पुठ्ठा काढला नाही, दर उतरवला नाही. निबियाने शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरलं आणि वसंत यायच्या आत दुकान बंद झालं. त्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. खुर्चीला जागा नव्हती. पलीकडून ट्रक घेऊन एक जुन्या सामानाचा व्यापारी आला, त्याने दांडा दोनदा ओढून बघितला आणि खुर्ची उचलली. त्या सगळ्या काळात आमच्या घरातून नदीपलीकडे गेलेली ती एकच वस्तू. निबिया दारात उभी होती. एल्बिओ आत आंघोळ करत होता, निदान नळ तरी सोडलेला होता.

मला वाटलं, आता तरी माणूस गप्प बसेल. कसला! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पलंगावर पडून तो निबियाला सांगायचा की पलीकडे न्हावी उपाशी मरतात, इथे निदान सन्मानाने घरी बसता येतं. ती शाळेतून आलेली, हाताला कांद्याचा वास, पाय सुजलेले. ती ऐकून घ्यायची. माझ्या बहिणीचा मला एवढ्याचसाठी राग येतो.

एका शनिवारी तो पलीकडून आला, खाली वाकून बूट काढू लागला, आणि निबिया त्याच्या मागे उभी होती. त्याचे केस इतकी वर्षं तीच कापत आली होती, त्यानेच शिकवल्याप्रमाणे, गोल. तिने त्याच्या मानेकडे बघितलं आणि एकदम माझ्याकडे बघितलं. सरळ आडवी रेघ. फूटपट्टी ठेवल्यासारखी.

गावातल्या सगळ्यांच्या माना वाचणारा माणूस, स्वतःची मान त्याला कशी दिसणार!

ती त्यानंतर एका शनिवारी मला म्हणाली, "झुल्मा, आज मी पण येते." तो पुढच्या लाँचने गेला, आम्ही मागच्या. मी मनात शब्द जुळवत होते. काचोच्या दुकानात, सगळ्यांसमोर, त्याला काय काय म्हणायचं ते. इतक्या वर्षांचं साठलं होतं. निबियाने नुसतं बघत उभं राहू नये, एकदा तरी तोंड सोडावं, अशी माझी इच्छा होती.

चौकात काचोच्या दुकानाचं दार उन्हासाठी उघडं टाकलेलं. आम्ही फळवाल्याच्या आडोशाने आलो. आत एल्बिओ बसला होता, गळ्याभोवती कापड. आणि तो ज्या खुर्चीत बसला होता तिचा बिडाचा पाय मी आंधळी झाले तरी ओळखला असता. निबियाने माझं मनगट धरलं.

काचोला काही ठाऊक नव्हतं. व्यापाऱ्याने त्याला काय सांगून विकली असेल कोण जाणे. तो मशीन फिरवत मजेत बोलत होता.

"दर शनिवारी हीच खुर्ची मागता डॉन. बाजूची मोकळी असली तरी थांबता. आवडली वाटतं?"

"हं."

"काय सांगत असता तुम्ही, आमच्यापेक्षा तुमच्याकडे सगळं भारी. मग तुमच्या गावात असेलच अशी खुर्ची?"

मी तयार होते. मला उत्तर पाठ होतं; असेल म्हणजे काय, याहून चांगल्या गल्लोगल्ली पडल्यात. ते त्याने म्हटलं की मी आत शिरणार होते.

एल्बिओचा डावा हात कापडाखालून बाहेर आला होता. बोटं हाताखालच्या चामड्यातल्या खोबणीत होती, बरोब्बर बसलेली.

"नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे अशी नाही."

काचोने मशीन मानेवर टेकवलं आणि सरळ रेघ मारली.

उभ्या जन्मात हा माणूस एकदा खरं बोलला, आणि तेही पलीकडच्या न्हाव्याशी. बायकोशी नाही. मी निबियाकडे वळले, आता तरी ही आत जाईल, काहीतरी फोडेल म्हणून. तिने माझं मनगट सोडलं, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"चल झुल्मा," ती म्हणाली. "तेल घ्यायचं राहिलंय."